तळ दिसेपर्यंत

४ मार्च

धाकटे,

पाण्याबद्दल एक प्रश्न आहे, म्हणून लिहिते आहे. दुसरं काही नाही. हे वाक्य तू वाचते आहेस म्हणजे पाकीट फोडलंस, तेवढ्यावरही माझं समाधान आहे.

तुझा नंबर बंद लागतो. तुझ्या मावशींकडे नवा मागितला तर म्हणाल्या, "नंबर नाही देणार, पत्ता देते. पत्राला उत्तर न देण्याची सोय तरी असते." बाई स्पष्ट आहेत. मला आवडल्या.

तर पाणी. आम्ही घरामागचा टँक भरला. हो, तोच, अण्णांचा पोहायचा टँक. शिकवणी बंद झाल्यापासून कोरडाच पडला होता. तळाला पाल्याचा थर, आणि उथळ बाजूच्या कोपऱ्यात एक मांजर बाळंत झालेली. ते सगळं काढलं, फरशा घासल्या. नळाचं पाणी टँकसाठी देत नाहीत, म्हणून आमच्या ह्यांनी, तुझ्या दादांनी, कोपऱ्यातल्या विहिरीवर मोटर बसवली आणि पाइप सोडला. टँक भरायला दिवसच्या दिवस गेले, पण काय पाणी होतं सांगू! काचेसारखं. तळाच्या निळ्या फरशा, त्यावरचे काळे पट्टे, खोल बाजूची निचऱ्याची जाळी, सगळं स्वच्छ दिसत होतं. दादा कमरेवर हात ठेवून काठावर असे उभे होते, जसं काही समुद्र त्यांनीच खोदला.

दुसऱ्या दिवशी मी क्लोरीन टाकलं. तू करायचीस तसंच, आधी बादलीत कालवून, मग काठाकाठाने फिरून. कपडे वाळत घालून परत आले तर टँकचा चहा झालेला. खोटं नाही सांगत, अगदी चहा, वर दूध कमी. हात घातला तर मनगटाच्या खालचा पंजा दिसेना.

माझं काय चुकलं? पावडर जुनी होती का? जास्त पडली का कमी? मला सून म्हणून या घरात येऊन उभी हयात गेली, पण त्या टँकशी माझा संबंध फक्त ओले टॉवेल धुण्यापुरता. पाण्याचं सगळं तुला आणि अण्णांना ठाऊक. दोघं कसल्याशा काचेच्या नळीत पाणी धरून उन्हात बघत बसायचात आणि मी हाक मारली तरी ऐकू जायचं नाही.

अण्णा बरे आहेत. दिवसभर टँकवरच असतात.

उत्तर थोडक्यात लिहिलंस तरी चालेल.

ताई


१९ मार्च

धाकटे,

उत्तर आलं नाही. पोस्टाचा काही भरवसा नाही, असं मी दादांना सांगितलं.

टँकची औषधं विकणारा माणूस येऊन गेला. त्याने आधी पाणी बघून "साखर किती टाकू?" असा विनोद केला, आणि तो मला आधीच सुचलेला असल्यामुळे मला हसू आलं नाही. मग म्हणाला, विहिरीच्या पाण्यात लोखंड विरघळलेलं आहे. विहिरीत असेपर्यंत ते दिसत नाही. क्लोरीन लागलं की गंजतं आणि रंग उघडा पडतो. म्हणजे पाणी पहिल्यापासून तसलंच होतं. आपण फक्त त्याला बोलतं केलं.

त्याच्या सांगण्यावरून तुरटी टाकली. पंप बंद ठेवला, कुणी पाण्याला बोट लावायचं नाही असा दम दिला. सकाळी बघते तर गाळ तळाशी बसलेला आणि वर पाणी बऱ्यापैकी नितळ. मी दादांना हाका मारमारून उठवलं. मग तो गाळ ओढून बाहेर टाकायचा. लांब दांड्याचा ब्रश, त्याला पाइप, आणि हळू, अगदी हळू, नवं बाळ पुसावं तसं. जरा घाई केली की गाळ उठतो आणि परत चहा. पण बाहेर नुसता गाळ थोडाच जातो? त्याच्यासोबत पाणीही जातं. संध्याकाळपर्यंत पाणी इतकं उतरलं की पंप हवा ओढायला लागला आणि किंचाळायला लागला. पाणी वाढवायला हवं. पाणी कुठलं? विहिरीचं. त्यात लोखंड. क्लोरीन टाकलं, पुन्हा लाल. आधीपेक्षा लाल. म्हणजे स्वच्छ करायला पाणी काढायचं, काढलं म्हणून भरायचं, आणि भरलं म्हणून घाण करायचं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो हाच.

हे सगळं दोनदा झालं. दुसऱ्यांदा मी काठावर बसून रडले. पंपासाठी नाही.

तुला वाटेल, एवढी काय नड आहे? घरातलं कुणी पोहत नाही. राहू दे लाल, बेडकं राहतील. तसं करता आलं असतं तर केलं असतं. अण्णांना ते पाणी बघवत नाही. तळ दिसत नसेल तर ते अस्वस्थ होतात. तुला आठवत असेल, खोल बाजूची जाळी काठावरून दिसली नाही तर ते त्या दिवशी एकाही पोराला पाण्यात उतरू देत नसत. पालक भांडायचे, फी परत मागायचे, तरी नाही म्हणजे नाही. ती सवय राहिली आहे, इतकंच.

टँकच्या गेटला कुलूप लावलं होतं. दोन दिवसांनी काढलं. अण्णा गेटवर हात आपटत राहिले आणि त्यांचे तळवे सोलले. मलम लावलंय. तसं विशेष काही नाही.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. "धाकटी" नाही, "ताई" नाही, खुशाली नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीवरसुद्धा वर पेशंटचं नाव असतं. पण अक्षर तुझं. 'क्ष' अजून उलटाच काढतेस.

तू लिहिल्याप्रमाणे तंतोतंत केलं. विहिरीचं पाणी थेट टँकमध्ये सोडणं बंद. आधी ते बाजूच्या हौदात घेते, तिथेच क्लोरीन टाकते, म्हणजे काय गंजायचं ते तिथेच गंजू दे. गाळ बसला की वरचं वरचं पाणी टँकमध्ये. पाइपच्या तोंडाला भोकं पाडलेली बादली आणि त्यात उशीत भरतात तो नायलॉनचा कापूस. घरातल्या पाच उशा फोडल्या. दादा सध्या घडी केलेल्या चादरीवर झोपतात आणि मान धरली म्हणून कुरकुरतात. तो कापूस अर्ध्या दिवसात विटेच्या रंगाचा होतो. धुऊन परत लावते. फिल्टर उलटा धुते, त्यातून जे पाणी बाहेर येतं ते बघून कुणाला वाटेल आम्ही कौलं विरघळवतोय. हाताची नखं कायमची पिवळी झाली आहेत. पण टँकचा रंग आता चहाचा राहिला नाही. शेवाळी हिरवा झाला आहे, आणि उथळ बाजूची पहिली पायरी दिसते. मी रोज सकाळी जाऊन ती पायरी बघून येते.

एवढं सांगून आता थांबायला हवं, पण थांबवत नाही.

तू नवऱ्याला सोडलंस ते बरोबर केलंस. मी तेव्हाही म्हटलं होतं, चार माणसांत, त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, आणि भाऊजी अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. मग मला का सोडलंस? मी काय केलं होतं? काडीमोड तुमचा दोघांचा झाला. आपल्या दोघींचा कोणत्या कोर्टात झाला? जावांचं नातं नवऱ्यांवरून येतं हे मला कळतं. पण इतकी वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलो, एकमेकींची बाळंतपणं काढली, तुझा ताप मी उतरवला आणि माझ्या आईच्या वेळी तू माझ्याआधी पोचलीस, ते सगळं काय भाऊजींच्या नावावर होतं, की त्यांना सोडलंस आणि सगळं संपलं?

खोडावं असं वाटतंय, पण दुसरा कागद घेतला की पुन्हा तेच लिहीन.

दुसरी एक गोष्ट. भाऊजींचा फोन आला होता. त्यांचं म्हणणं, टँकमध्ये माती टाकून तो बुजवून टाकावा. दादांनाही पटायला लागलं आहे. मातीचे ट्रक सांगायचे एवढंच बाकी आहे. वर बाग करू म्हणतात, म्हातारा माणूस बागेत बसेल. मी म्हटलं, अण्णांच्या डोळ्यांदेखत त्यात माती टाकणार? त्यांना काय वाटेल, आत कोण आहे असं—

असो. दादा दुकानातून आले. पुरे करते.

ताई


१७ एप्रिल

धाकटे,

"पाण्याचं कळलं. अण्णांचं खरं लिही." दुसऱ्या कार्डावर एवढंच. बरं. खरं लिहिते.

अण्णांना आता बरंच काही आठवत नाही. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. दादांना ओळखतात, पण कधी मुलगा म्हणून, कधी स्वतःचा भाऊ म्हणून. मी कोण हे गेल्या वर्षापासून नक्की नाही. पहाटे उठून शिट्टी गळ्यात घालून तयार होतात. "बॅच उभी आहे आणि टँकमध्ये पाणी नाही, हा काय प्रकार आहे?" असं विचारतात. हिवाळ्यात एकदा शिडीवरून कोरड्या टँकमध्ये उतरले. शिडी अर्ध्यावर संपते, कारण खाली पाणी असणार असं धरून ती बसवलेली. पडले. मनगट मोडलं. म्हणून आम्ही टँक भरला. पाणी बघून मन रमेल, निदान पडणार तरी नाहीत. हौसेने नाही भरला.

आणि पाणी लाल झालं. त्या दिवशी अण्णा काठाशी गेले, वाकून बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. म्हणाले, "आत पोर आहे."

"कुठलं पोर, अण्णा?"

"मोजणी कमी भरते. एक पोर वर आलं नाही."

तेव्हापासून हेच. तुला माहीत आहे, त्यांच्या हाताखाली अर्धं गाव पोहायला शिकलं आणि एकही पोर कधी बुडालं नाही. साधं नाकातोंडात पाणी जाऊन दवाखान्यात न्यावं लागलं नाही. आम्हाला वाटायचं, या माणसाला भीती म्हणून माहीत नाही. आता कळतं, एवढी वर्षं त्यांनी ही भीती रोज काठावर उभं राहून धरून ठेवली होती. जे कधी घडलंच नाही, ते आता रोज घडतंय. घडलेलं असतं तर विसरले असते गं. न घडलेलं कसं विसरायचं?

डॉक्टर म्हणाले, वाद घालू नका, लक्ष दुसरीकडे वळवा. कुठे वळवू? जेवताना घास हातात धरून बसतात. "ते खाली आहे आणि आपण जेवतोय?" पत्ते मांडले, जुने फोटो काढले, फिरायला नेलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. कुलूप लावलं तेव्हा गेट हलवून ओरडत होते, "किल्ली द्या, कुणाची तरी आई बाहेर उभी असेल." शेजारच्या इस्त्रीवाल्याने पहिल्या दिवशी खरंच धावत येऊन टँकमध्ये काठी घालून बघितलं. बिचाऱ्याला काय माहीत.

म्हणून तळ दिसायला हवा होता. मला वाटलं, एकदा तळ दाखवला, बघा, फरशा आहेत, जाळी आहे, दुसरं कुणी नाही, तर सुटतील त्यातून. तेवढ्यासाठी मी नखं पिवळी केली.

आता मंगळवारचं सांगते. हे तुला लिहू नये असं दादा म्हणाले.

दुपारची वेळ. मी हौदाशी कापूस धूत होते. अण्णा काठावरच्या खुर्चीत होते, आणि आमच्यात फार तर टँकच्या रुंदीएवढं अंतर. मी कापूस पिळला, झटकला, मान वळवली तर खुर्ची रिकामी. आवाजसुद्धा झाला नाही. तुला शिकवलं होतं ना त्यांनी, अनोळखी पाण्यात सूर मारायचा नाही, पाय खाली घालून सरळ उतरायचं. तसेच उतरले असणार. खोल बाजूला पाण्यावर एक वर्तुळ पसरत होतं आणि पाणी हिरवं, मिट्ट, आत काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मी ओरडले. कुणीच नव्हतं. दादा दुकानात, इस्त्रीवाल्याचं दार बंद. धाकटे, मला पोहता येत नाही. पोहणाऱ्याच्या घरात आले आणि काठावरून टॉवेल देण्यात जन्म काढला. अण्णा दर उन्हाळ्यात म्हणायचे, "सूनबाई, यंदा तुझा नंबर," आणि मी दर उन्हाळ्यात स्वयंपाकघरात पळायचे. मी तशीच उथळ बाजूच्या पायऱ्यांवरून आत शिरले, अंगावरच्या कपड्यांनिशी. हात पसरून चाचपत पुढे जात होते, आंधळ्यासारखी. गळ्यापर्यंत पाणी आलं आणि पुढे उतार आहे हे मला ठाऊक असूनही पाय निसटला. डोक्यावर पाणी. तोंडात गंजाची चव. डोळे उघडे होते, पण हिरव्याशिवाय काही नाही. इतकंच डोक्यात आलं की कणीक मळून उघडीच ठेवली आहे.

मग हनुवटीखाली एक हात आला.

मागून. घट्ट, पण दुखेल असा नाही. माझं तोंड पाण्याबाहेर निघालं आणि कानाशी आवाज आला, अगदी शांत, "हातपाय मारू नकोस. आभाळाकडे बघ. मी आहे."

सकाळी शर्टाची बटणं लावता येत नाहीत त्या माणसाला. चमचा धरताना हात कापतो. आणि पाण्यात तो हात असा होता की मला वाटलं याच्यावर घर बांधावं. मी आभाळाकडे बघितलं. ते उलटे पोहत मला ओढत होते आणि मला पाण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. पायऱ्यांवर मला टेकवलं, कुशीवर वळवलं, पाठीवर थापटलं. मी खोकत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "नाव काय बाळा तुझं? कुठल्या बॅचची?"

मी बावन्न वर्षांची बाई. मी म्हटलं, "सकाळच्या."

"घाबरलीस?"

"हो."

"घाबरायचंच. जो घाबरत नाही तो बुडतो." मग गेटकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "सापडली हो. आईला सांगा, रागावू नका तिच्यावर."

त्या दिवशी पोटभर जेवले. दोन भाकऱ्या मागून घेतल्या. रात्री सलग झोपले. दादांना मी सगळं सांगितलं तर ते जेवणाच्या ताटावरून उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी शिट्टी गळ्यात घातली आणि मला हलवून उठवलं. "मोजणी कमी भरते," म्हणाले.

हे खरं. आता कळलं, मी पाण्याचंच का लिहीत होते?

ताई


९ मे

धाकटे,

पाणी स्वच्छ झालं.

तुझीच पद्धत. पाण्यातलं लोखंड हळूहळू सगळं कापसाला आणि हौदाला लागलं. शेवटी एकदा तुरटी टाकून गाळ बसवला. या वेळी भरायला नितळ पाणी हौदात तयार होतं, त्यामुळे पुन्हा लाल झालं नाही. रविवारी सकाळी उन्हं आली तेव्हा खोल बाजूची जाळी दिसली. जाळीच्या आडव्या पट्ट्यासुद्धा. तळाशी एक वाळकं पान पडलं होतं, त्याच्या शिरा दिसत होत्या. दादांनी मातीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. औषधवाला मुद्दाम बघायला आला आणि म्हणाला, बाई, तुम्ही माझ्याकडे कामाला या.

मी अण्णांना हाताला धरून नेलं. म्हटलं, "बघा अण्णा. सगळा तळ दिसतोय. आहे का कुणी?"

ते वाकले. इकडून तिकडे नजर फिरवली, अगदी सावकाश, पट्ट्यापट्ट्याने, पूर्वी बॅच संपल्यावर फिरवायचे तशी. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखादं मठ्ठ पोर चुकीचं उत्तर देतं तेव्हा बघावं तसं. म्हणाले, "काठावरून कधी दिसलंय कुणाला?"

आणि चपला काढायला लागले.

काय करायचं सांग. स्वच्छ पाण्याच्या पुढे माझ्याकडे काही उपाय नव्हता. मी तेवढ्यावर सगळी मदार ठेवली होती. दादा मागे उभे होते, त्यांचीही मान खाली गेली. अण्णांनी एक चप्पल काढली, दुसरी निघेना, आणि मी काय केलं, तर त्यांच्याआधी पायऱ्यांवरून आत शिरले. कमरेएवढ्या पाण्यात गेले, वळले आणि हात वर करून ओरडले, "अण्णा, मी इथे!"

त्यांचा चेहरा बघायला हवा होतास.

तेव्हापासून रोज दुपारी मी बुडते आणि अण्णा मला वाचवतात. दादा दुकान तेवढ्या वेळापुरतं बंद करून येतात आणि टायरची ट्यूब घेऊन पाण्यात उभे राहतात, अण्णांच्या नजरेआड. मला टेकवलं की अण्णा रोज नाव विचारतात. मी रोज वेगळं सांगते. कधी माझ्या शाळेतल्या मैत्रिणींची नावं, कधी तुझं. तुझं सांगितलं त्या दिवशी म्हणाले, "छान नाव आहे." मला वाटलं आणखी काही म्हणतील. पण तेवढंच. मग जेवतात, झोपतात, आणि सकाळी पुन्हा मोजणी कमी भरते. शेजारी हसतात. आम्हीही एकदा हसलो, दादा आणि मी, ओल्या कपड्यांनी स्वयंपाकघरात उभे राहून, पोट दुखेपर्यंत.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी डोक्याला हात लावला. अण्णांचं हृदय थकलेलं आहे, हे बंद करा म्हणाले. मी विचारलं, बंद करून काय करू? मग ते गेटवर हात आपटत दिवस काढतील, अन्नाला शिवणार नाहीत, ते चालेल का? त्यांनी चष्मा पुसला. गोळी वाढवून दिली.

डॉक्टरांचं खोटं नाही. गेल्या आठवड्यापासून अण्णा अर्ध्यावर धापा टाकतात. परवा तर हनुवटीखालचा हात सैल पडला आणि कानाशी त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी आभाळाकडे बघत पडून होते आणि पाण्याखालून हळूच पाय मारायला लागले. त्यांना कळणार नाही इतपत. मला तेवढं यायला लागलं आहे, कुणी न शिकवता, रोज वाचवली जाऊन जाऊन. आम्ही पायऱ्यांपाशी आलो. ते म्हणाले, "बघ, कशी हलकी झालीस. घाबरणं सोडलं की माणूस हलकं होतं."

पण पाय मारून मी स्वतःलाच पुढे नेऊ शकते. एक दिवस त्यांचा हात सुटणार. तो उद्याचा असेल, नाही तर पुढच्या महिन्यातला. तेव्हा मी आभाळाकडे तोंड करून तरंगत असेन आणि ते मागे खाली जात असतील, आणि आता पाणी असं स्वच्छ आहे की मला ते तळापर्यंत दिसतील. पाणी गळ्याशी आलं की दादा काठ धरतात. त्यांच्या ट्यूबवर माझा भरवसा नाही. माणूस कसा धरायचा, हनुवटीखाली हात कुठे घालायचा, आपलं तोंड पाण्याबाहेर ठेवून दुसऱ्याचं कसं ठेवायचं, हे अण्णांनी घरात एकाच माणसाला शिकवलं. तुला.

या घरात तू परत राहायला यावंस असं मी म्हणत नाही. भाऊजी इथे येत नाहीत, फोन करतात तो मातीबद्दल. तुझी खोली तशीच आहे, असलंही काही लिहीत नाही. खोलीत क्लोरीनचे डबे आहेत. स्टेशनवर उतरून थेट मागच्या गेटने टँकवर ये, घरात पाऊल टाकू नकोस, आणि झालं की तशीच परत जा.

मला माणूस ओढायला शिकव. दोन-चार दुपारी लागतील. आत्तापर्यंत पाठवलंस तसंच कार्डावर लिहून पाठवशील, मला ठाऊक आहे, पहिलं हे, दुसरं ते, आणि मी पाठही करीन. पण हे पत्रातून येणार नाही गं. त्यासाठी कुणीतरी माझ्यासोबत पाण्यात लागतं.

ताई